सहा काजं

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२ एप्रिल २०२५, बुधवार

रक्षित,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो म्हणून नव्हे.

तुझ्या आईच्या तेराव्याला सगळ्या माणसांसमोर विठ्ठलाच्या फोटोवर हात ठेवून मी म्हटलं होतं, या मुलाशी जन्मात बोलणार नाही. तीन वर्षं होत आली, एक शब्द बोललो नाही. लिहिणार नाही असं मात्र म्हटलं नव्हतं. तेव्हा शपथ जागच्या जागी आहे आणि पत्र तुझ्या हातात आहे. तू हेब्बाळला, मी इथे. एका गावात राहून बाप पोस्टानं पत्र पाठवतो म्हणून हसायचं तर हस. तुझ्या वर्कशॉपची पायरी मला चढायची नाही. मराठी वाचायला जड जात असेल तर बायकोकडून, सुप्रीताकडून, वाचून घे. भजनाच्या वहीवरून आईनं तुझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, त्यातली काही उरली असतील तर बघ.

आता कामाचं. गाडी मी बाहेर काढली.

तीच. तू कमावता झालास तेव्हा सेकंडहँड घेऊन ऐटीत दारात उभी केलेलीस ती. तीन वर्षं शेजारच्या गोडाऊनमध्ये कव्हराखाली होती. नवी बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली, दोन झटके देऊन चालू झाली. कशाला काढली ते ऐक. तेराव्याला मी जे बोललो ते लोकांनी दोन दिवस ऐकलं. मग तेच लोक म्हणायला लागले, ‘होगली गुंडूराव, सोडा, पोटचं पोर आहे.’ कारण माझ्याजवळ कागद नव्हता. आता कागद आणतो. तुझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडून एसी तपासून घेतो आणि तू काम कसं केलं होतंस ते त्याच्याकडून लिहून घेतो. चोवीस तारखेच्या एकादशीला विठ्ठल मंदिरात भजन संपलं की मी उभा राहून तो कागद वाचणार आहे. तेराव्याला होते ते सगळे तिथे असतील. ज्यानं आईला मारलं तो मुलगा माझा नव्हे, हे एकदा शाईत येऊ दे.

तू विसरला असशील म्हणून त्या दिवसाचंही लिहितो. मंगळवारी तू एसी उघडलीस, गॅस भरलास, हात पुसत म्हणालास, ‘अप्पा, आता बर्फ. काचा मात्र खाली करू नका, गारवा जातो.’ गुरुवारी मी आणि ती तलकाडला गेलो. जाताना सगळं ठीक. येताना भर दुपारी वरुणा गावाच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. चाळीस मिनिटं एका जागी. तुझ्या बर्फातून भट्टीसारखी हवा यायला लागली. काचा बंद, कारण तसं तू सांगितलं होतंस. ती काही बोलली नाही. पदरानं थोडा वारा घेतला आणि मग डोकं काचेला टेकलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय आधीच थकलेलं होतं, उन्हाचं निमित्त झालं. डॉक्टरांना काय माहीत! निमित्त तू होतास.

आणखी एक. गाडीच्या नाकावरचं कापड नाहीसं झालं आहे.

आपल्या घरात उघडी वस्तू चालत नाही हे तुला सांगायला नको. रेडिओला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरला, सगळ्यांना मी कपडे शिवले. तू शाळेत असताना मित्रांना लाजून सांगायचास की आमच्याकडे पाण्याच्या फिल्टरलासुद्धा झबलं आहे. गाडीच्या पुढच्या जाळीला मात्र मी आपणहून शिवलं नव्हतं, तुझ्या आईनं सांगितलं म्हणून शिवलं. वरुणेच्या कालव्याकडून आलं की जाळीत फुलपाखरं, भाताचे किडे अडकून मेलेले दिसायचे. गळ्यात माळ घातलेली बाई, तिला ते बघवायचं नाही. काडीनं एकेक काढत बसायची. म्हणून कोटाच्या अस्तराचं काळं कापड दुहेरी घेऊन मी आतल्या बाजूनं बसेल असं शिवलं, खाली नाड्या, वर क्लिपांना अडकवायला सहा काजं. काजं तिनं हातानं केली. तलकाडला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते बसवलं. तिच्या हातचं ते शेवटचं काम.

त्यानंतर दवाखान्यातून गाडी तू आणलीस. तुझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. चोरी करायला दुसरं काही मिळालं नाही का? ते कापड परत पाठव.

गुंडूराव

---

९ एप्रिल २०२५, बुधवार

रक्षित,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी बापाला दोन ओळी, त्याही कन्नडमध्ये. ‘कापड मी टाकून दिलं. पुन्हा शिवून लावू नका.’

टाकून दिलं! आईच्या हातची काजं गटारात टाकताना हात कापला नाही तुझा? आणि वर मला हुकूम, पुन्हा शिवू नका. साठ वर्षं सुई धरलेल्या माणसाला काय शिवावं आणि काय शिवू नये ते आता पान्हे फिरवणारा सांगणार. मी ते कार्ड वाचलं आणि त्याच पायी उठून अस्तराचं कापड काढलं.

सोमवारीच शिवून झालं, कारण मंगळवारी एकादशी होती. आपल्यात एकादशीला कात्री लागत नाही, हेही तू टाकून दिलं असशील तर आठवण करून देतो. माप माझ्या वहीत होतं. काजं मात्र मशीनवर मारावी लागली. तिच्यासारखं हातकाज मला कधी साधलं नाही, आणि आता तर सुईत दोरा ओवायला शेजारच्या वर्षिणीला हाक मारावी लागते. बसवलं. अगदी पहिल्यासारखं बसलं.

आणि आज, तीच वेळ, तोच रस्ता. तलकाडपर्यंत गेलो, देवळाकडे न वळता गाडी फिरवली. रस्ता मोकळा होता तोवर एसी बरी चालली. गार म्हणावं इतकं नाही, पण चालली. वरुणेच्या अलीकडे मुद्दाम कडेला गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. घड्याळ लावून बसलो. सहाव्या मिनिटाला हवा कोमट, दहाव्या मिनिटाला गरम. अगदी त्या दिवसासारखी. तीन वर्षं गेली तरी तुझं पाप जागचं हललेलं नाही, रक्षित. मी स्टिअरिंगवर हात मारून एकटाच मोठ्यानं हसलो.

काच खाली केली नाही. काय होतं ते शेवटपर्यंत बघायचं होतं. शेवटी एक शहाळीवाला काचेवर टकटक करायला लागला. ‘ताता, ग्लास स्वल्प इळसी, खाली करा! आत शिजून मरायचंय का?’ उठसूट कोणीही अक्कल शिकवतो. मग केली खाली.

पहिला पुरावा झाला. आता मेकॅनिक बघतो.

गुंडूराव

---

१५ एप्रिल २०२५, मंगळवार

रक्षित,

बन्नूर रोडला पुनीत म्हणून एकजण गाड्यांच्या एसीची कामं करतो, त्याच्याकडे गाडी दिली. नळी लावली, काटा बघितला आणि बॉनेटमध्ये पुरतं डोकंही न घालता म्हणाला, ‘गॅस कम्मी आहे अंकल. आधीच्या माणसानं जॉइंट नीट आवळले नसणार.’ हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो. म्हटलं, हेच कागदावर लिहून दे. तर म्हणाला, लिहिणं-बिहिणं आपल्याला जमत नाही, गॅस भरून देतो. भरला. दुकानासमोर पाच मिनिटं गार लागलं, मी खूश.

दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटकाला उभा राहिलो आणि पुन्हा तेच. परत गेलो. आता म्हणतो, कंप्रेसर गेला, नवा टाकायला हवा. मी विचारलं, ‘मग काल गॅस कम्मी म्हणालास ते काय?’ म्हणाला, ‘ते पण, हे पण.’ मी काही इंजिनिअर नाही, पण गिऱ्हाइकाला बंडी तंग झाली तर आधी माप बघतात, सरळ नवी बंडी शिवत नाहीत, एवढं मला कळतं. गाडी घेऊन निघालो. असल्या माणसाचा कागद मंदिरात वाचला तर लोक हसतील. मला पक्का माणूस पाहिजे.

आता तुझ्या बायकोचं. शनिवारी सुप्रीता आली होती, ते तुला सांगून की न सांगता ते तुम्ही बघा. पूजिताला बरोबर आणलं नाही, ते बरं केलं. पोरगी पुढे करून मला वितळवायचा बेत असेल असं वाटलं होतं. मी आत ये म्हटलं नाही. ती पण आत आली नाही, गाडीपाशी उभी राहिली आणि विचारते काय तर, ‘अप्पा, पुढं ते कापड परत लावलं का तुम्ही?’

म्हटलं, लावलं. तुझ्या नवऱ्यानं नको म्हटलं म्हणून खास लावलं.

तशी ती खाली वाकली आणि जाळीत हात घालायला लागली. मी ओरडलो. सगळी गल्ली बाहेर आली. एक कापड नवऱ्यानं चोरलं, दुसरं बायको चोरायला आली, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. ती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. म्हणाली, ‘तुम्ही ऐकत नाही, ते सांगत नाहीत. मधे मी, सुम्ने, उगाच, दोघांची बोलणी खायला.’

काय सांगत नाही तो, असं मी विचारलं नाही. सांगण्यासारखं असतं तर तेराव्याला सांगितलं असतंस. तेव्हा मान खाली घालून उभा होतास. ‘तूच मारलंस तिला’ असं मी म्हटलं, तर ‘नाही’ एवढा एक शब्दसुद्धा तुझ्या तोंडातून निघाला नाही. निर्दोष माणूस असा उभा राहत नाही.

पुन्हा तिला पाठवू नकोस.

गुंडूराव

---

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

रक्षित,

सरस्वतीपुरममध्ये जगन्नाथराव म्हणून एकजण आहेत. पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांनी काल गाडी तपासली.

तुझे जॉइंट पक्के आहेत. गॅस गळत नाही. कंप्रेसर चांगला आहे.

कागद मिळाला आहे. ठरल्याप्रमाणे गुरुवारी वाचीन.

तू येऊ नकोस.

गुंडूराव

---

२५ एप्रिल २०२५, शुक्रवार

रक्षित,

येऊ नकोस म्हटलेलं असताना आलास. माझं ऐकायचं नाही हे तू पाळण्यातच ठरवलं असणार.

सोमवारी काय झालं ते तुला नीट माहीत नाही. कागदात चार ओळी होत्या, त्यात सगळं येत नाही. म्हणून लिहितो.

जगन्नाथरावांनी गाडी त्यांच्या अंगणात, चिक्कूच्या झाडाखाली लावायला सांगितली. इंजिन चालू, बॉनेट वर. एक निळा, एक लाल, असे दोन काटे लावले. पुनीतसारखी घाई नाही. मला स्टूल दिलं आणि शिकवल्यासारखं बोलत बसले. गळती बघायला साबणाचा फेस हवा होता. आत जाऊन आणतो म्हणाले, तेवढ्यात मी खिशातली साबणाची चीप काढून दिली, कापडावर खूण करायची ती. तीच वाटीत घोळून त्यांनी ब्रशनं तुझ्या प्रत्येक जॉइंटला फेस लावला. मी स्टुलावरून वाकून बघत होतो. एक तरी बुडबुडा येऊ दे, असं मी मनात म्हणत होतो हे कबूल करतो. एकही आला नाही.

‘काम कोणी केलंय हे?’ त्यांनी विचारलं.

‘आहे एकजण.’

‘हात स्वच्छ आहे त्याचा. मग त्याच्याकडेच का गेला नाहीत?’

मी काट्याकडे बोट दाखवलं.

तोवर लाल काटा चढत चालला होता. ते म्हणाले, ‘हे बघा रावसाहेब, आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाहीये.’ त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि गाडीच्या नाकापुढे धरलं. पंखा आत वारा ओढतो, तेव्हा कागद जाळीला चिकटायला हवा. चिकटला नाही. सरळ खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मग ते गुडघ्यावर बसले, बॅटरी लावून आत बघितलं, आणि म्हणाले, ‘हे काय घातलंय?’

म्हटलं, ‘ते होय? मी शिवलंय. किड्यांसाठी.’ अभिमानानं सांगितलं. अस्तर दुहेरी आहे हेसुद्धा सांगितलं.

ते उठून माझ्याजवळ आले. फार हळू बोलले, वर्गातल्या मठ्ठ मुलाशी बोलावं तसं नाही, आजारी माणसाशी बोलावं तसं. ‘रावसाहेब, गाडीच्या आतली उष्णता ज्या जाळीतून बाहेर जाते, ती ही. हिला वारा लागला तर आत गार. तुम्ही तिला ऐन एप्रिलात कोट घातलात. गाडी धावते तेव्हा वाऱ्याच्या जोरावर थोडंफार भागतं. उभी राहिली की वारा बंद, आतला दाब वाढतो, मशीन फुटू नये म्हणून आपणहून थांबतं. मग नुसता पंखा चालतो आणि गरम हवा फेकतो.’ त्यांनी नाड्या सोडल्या, काजं क्लिपांमधून काढली. पान पुन्हा धरलं. फट्कन चिकटलं. लाल काटा उतरायला लागला. पाच मिनिटांनी मला म्हणाले, आत बसून बघा. बसलो. गार होतं.

मी आतूनच विचारलं, ‘तीन वर्षांपूर्वी असंच कापड लावलेलं असतं तर?’

‘तर असंच झालं असतं.’

कशाचा कागद आणि कशाचा पुरावा. मला सगळं एकदम कळलं नाही, एकेक करून कळत गेलं. दवाखान्यातून गाडी तू आणलीस. तू एसी बघितली असणार, बघितल्याशिवाय राहणार नाहीस. कापड तू तेव्हा काढलंस. म्हणजे तेराव्याला मान खाली घालून उभा होतास तेव्हा तुला माहीत होतं. कार्डावरची दुसरी ओळ हुकूम नव्हती. सुप्रीता चोरायला वाकली नव्हती.

जगन्नाथराव म्हणाले, काढलं ना, झालं तर मग, लिहायचं कशाला? मी म्हटलं, लिहा. मी त्यासाठीच आलोय. त्यांनी विचारलं, कोणाच्या नावानं? सांगितलं, दोष ज्याचा त्याच्या नावानं.

काल मंदिरात तू खांबामागे उभा होतास, मी उठायच्या आधीच बघितलं होतं. माझा आवाज कापत होता असं कोणी म्हणालं तर तो चष्म्याचा दोष समज, कागद नीट दिसत नव्हता. तू ऐकलंसच, तरी इथे उतरवून ठेवतो. ‘एसीचं काम निर्दोष आहे. जोडण्या पक्क्या आहेत, गळती नाही. गाडीचे मालक गुंडूराव यांनी पुढच्या जाळीवर स्वतः शिवून बसवलेल्या कापडामुळे हवा अडून गाडी उभी असताना एसी बंद पडत होती.’ त्याखाली मी माझ्या हातानं एक ओळ घातली होती, तीही वाचली. ‘तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं.’

भजनातल्या श्रीनिवासरावांनी हातातले टाळ खाली ठेवले.

आणि तू काय केलंस? खांबामागून पुढे आलास आणि भरल्या मंदिरात म्हणालास, ‘अप्पांचं काही चुकलं नाही. त्या दिवशी गॅस मीच कम्मी भरला होता.’

विठ्ठलाच्या समोर! एकादशीच्या दिवशी! धडधडीत खोटं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षांनी बाप खरं बोलायला उभा राहतो, तर त्याचंही खोटं पाडायचं. ‘गप्प बस!’ म्हणून मी ओरडलो ते त्यामुळे. ओरडल्यावर ध्यानात आलं की शपथ मोडली. तीन वर्षांनी तुझ्याशी पहिला शब्द बोललो, आणि तो गप्प बस. तू गप्प बसलास आणि निघून गेलास. माझं म्हणणं तू ऐकलंस असं आयुष्यात तेवढंच एकदा.

चपलांपाशी सुप्रीतानं मला गाठलं. मी विचारलं, ‘का सांगितलं नाही यानं? मी त्याला काय काय बोललो!’ ती म्हणाली, ‘ते म्हणाले, अप्पांना कळलं तर परत सुई धरणार नाहीत. मला शिव्या देत जगतात तर जगू देत.’

ऐक, रक्षित. तुझा उपकार मी मानत नाही. हे ठरवायचा हक्क तुला कोणी दिला? मी रोज सकाळी तुला शाप देऊन मशीनवर बसत होतो. तुझ्या पोरीला तीन वर्षं मी बघितलं नाही. तिच्या अंगाचं माप काय झालं असेल तेही मला माहीत नाही, आणि मी शिंपी आहे. माझ्या चुकीतून मला वाचवलंस आणि माझ्याजवळचा एक उरलेला माणूस काढून घेतलास, तो म्हणजे तू. ह्याला शहाणपण म्हणतात का? तेराव्याला तू ओरडला असतास, ‘अप्पा, तुमचं कापड होतं’ म्हणाला असतास, तर मी मेलो नसतो. कदाचित मेलो असतो. पण ते माझं मी बघितलं असतं.

एक मात्र तुलाही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं, ती काही बोलली नाही. ते खोटं आहे. ती बोलली होती. दोनदा. ‘अहो, ग्लास स्वल्प खाली करा.’ मी म्हटलं, ‘थांब ग, आता गार होईल. रक्षितनं सांगितलंय, खाली करायचा नाही.’ दुसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी वैतागलो. ‘तुझ्याच मुलानं सांगितलंय,’ म्हणालो. मग ती बोलली नाही. काच माझ्या हाताशी होती आणि मी तुझं नाव पुढे केलं. तेव्हापासून तेच करत आलो आहे.

कापड अडाण्याची चूक होती, ती देव माफ करील. काचेचं काय, ते मला माहीत नाही.

आज सकाळी मी गाडी घेऊन वरुणेला गेलो. नाकावर काही नाही. त्याच जागी उभी केली. काचा बंद ठेवल्या आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं, दहा, वीस. गारच. माझे गुडघे दुखायला लागले इतकं गार. तुझं काम चांगलं आहे, हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा लिहिणार नाही. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं, तरी मी हात पुढे करून तिकडची हवा कमी केली. ती बसली असती तर पाच मिनिटांत पदर अंगाभोवती गुंडाळून म्हणाली असती, ‘कम्मी करा की, थंडी वाजते.’ मी तिथे किती वेळ रडत बसलो ते सांगत नाही. तो शहाळीवाला पुन्हा आला होता, काचेतून बघून निघून गेला.

शेवटचं. सुप्रीतानं आणखी एक सांगितलं. कापड तू टाकलेलं नाहीस. हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात घडी घालून ठेवलंयस. म्हणजे कार्डावरही खोटंच लिहिलंस. किती खोटं बोलशील?

ते अस्तर मला नको. माझं ते शिवणकाम जाळून टाकायचं. पण वरची पट्टी कापून ठेवायची आहे, त्यावर तिची सहा काजं आहेत. तू कात्री लावू नकोस. तुझा हात लहानपणापासून तिरका चालतो, काज कापशील. मी रविवारी माझी कात्री घेऊन येतो.

गुंडूराव